जिन्याचे एक वर्ष

रविवार, रात्र

आज दुपारी वर्षभरातील ४७ प्रिंट खोलीच्या फरशीवर ओळीने मांडले आणि संध्याकाळ होईपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिलो. आमच्या इमारतीच्या जिन्यावरील, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधील वळणाचे हे फोटो दर रविवारी सकाळी साडेआठ वाजता, एकाच जागेवरून, एकाच लेन्सने काढलेले आहेत. ५२ व्हायला हवे होते. पाच रविवार आजारपणात आणि प्रवासात गेले.

हा जिना निवडला, कारण याच्याइतकी परिचयाची दुसरी जागा मला नाही. लहानपणापासून मी तो चढतो-उतरतो आहे. वळणाजवळच्या एका पायरीची कड तुटलेली आहे आणि तिथे पाय आपोआप थोडा लांब पडतो. वीज गेलेली असली तरी तो कधी चुकत नाही. पहिल्याच महिन्यात प्रिंट हातात आल्यावर लक्षात आले की ती पायरी वरून तिसरी आहे, असे मी आयुष्यभर धरून चाललो होतो आणि प्रत्यक्षात ती चौथी आहे. माझ्या पायाला जे अचूक ठाऊक होते, ते डोळ्याने कधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी मला या कामाचा खरा विषय सापडला, असे आता वाटते. जागा ओळखीची असणे आणि जागा पाहिलेली असणे यांत किती अंतर असते, हेच मी पुढे वर्षभर मोजत राहिलो.

जागा तीच ठेवणे वाटले होते तितके सोपे नव्हते. ट्रायपॉडच्या पायांभोवती खडूने केलेल्या खुणा आठवडाभरात झाडलोटीत पुसल्या गेल्या. मग एक जुनी युक्ती उपयोगी पडली. जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या नेमकी कुठे येते, हे फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर ठरते. लेन्स बदलली किंवा झूम केले, तरी तो मेळ बदलत नाही. त्यामुळे कठड्याच्या खांबाचा गोल माथा खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला टेकला पाहिजे, आणि त्याच वेळी तुटक्या पायरीची कड मागच्या भिंतीवरील तड्याच्या टोकाशी जुळली पाहिजे, असा नियम मी ठरवून घेतला. एका जोडीने फक्त रेषा मिळते. दोन जोड्या जुळल्या की जागा पक्की होते. दर रविवारी त्या दोन जोड्या जुळवण्यात दहा-बारा मिनिटे जात, आणि त्या मिनिटांत मी त्या खांबाकडे जितके पाहिले, तितके आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून पाहिले नसेन. वळणावर जिथे प्रत्येक जण हात टेकवून वळतो, तिथे कठड्याचे लाकूड काळे, गुळगुळीत आणि किंचित खोलगट झाले आहे. एका बोटाच्या रुंदीचा तो खळगा हातांनी कोरला आहे.

उजेडाबद्दल मात्र माझा अंदाज साफ चुकला. वेळ एकच ठेवली की उजेडही साधारण एकच राहील, असे मी गृहीत धरले होते. डिसेंबरमधल्या तीन-चार फोटोंत खिडकीतून येणारा कवडसा भिंतीवर जवळपास एकाच ठिकाणी आहे. मार्चमध्ये तो प्रत्येक रविवारी निराळ्या पायरीवर आहे. कारण पृथ्वीच्या कललेल्या अक्षात आहे. २२ डिसेंबर आणि २१ जूनच्या आसपास सूर्याचा आकाशातील मार्ग दिवसागणिक फारच थोडा सरकतो, तर मार्च आणि सप्टेंबरमध्ये हे सरकणे सर्वांत वेगवान असते. शाळेत शिकलेली ही गोष्ट स्वतःच्या जिन्यावर घडताना पाहिली, तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरशीही जुळवून घ्यावे लागले. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे समजून मीटर मोजमाप करतो. म्हणून अंधारलेला जिना तो उजळून टाकत असे आणि सुरुवातीचे सहा-सात फोटो एखाद्या कार्यालयाच्या मार्गिकेसारखे दिसतात. पुढे मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येऊ दिलेला उजेड, दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी केले आणि जिन्याचा खरा अंधार परत आला. ते सुरुवातीचे फोटो ओळीतून काढून टाकण्याचा मोह आज झाला, पण ते राहू दिले.

खरी चूक वेगळीच होती आणि ती आज सगळे प्रिंट एकत्र मांडल्यावर दिसली. या ४७ फोटोंत एकही माणूस नाही. शटर दाबण्यापूर्वी जिना रिकामा होण्याची मी वाट पाहत असे. कोपऱ्यात टेकवलेली छत्री मी दोनदा उचलून बाजूला ठेवली होती, हेही आठवले. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमधील बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे चालती माणसे आणि गाड्या प्लेटवर उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. त्या रस्त्यावरची माणसे तंत्राच्या मर्यादेमुळे नाहीशी झाली. माझ्या जिन्यावरची मी स्वतः दूर ठेवली. फ्रेंच छायाचित्रकार अत्जेने पॅरिसमधील जुन्या घरांच्या जिन्यांचे आणि कठड्यांचे काढलेले फोटो मला फार प्रिय आहेत आणि त्यांतला रिकामेपणा मला नेहमीच भावला आहे. पण त्या जिन्यांवरून तो रोज जात-येत नव्हता. या जिन्यावर मी वाढलो आहे. तो रिकामा कसा दिसतो हे फक्त रविवारी साडेआठला, मी सगळ्यांना थोपवून धरल्यावरच खरे होते.

चौथ्या मजल्यावरच्या आजी अशा वेळी वरच्या पायरीवर थांबत. “तुझं होऊ दे आधी, मी थांबते,” असे म्हणत आणि खरोखरच हातातली पिशवी खाली ठेवून थांबत. त्यांना किती रविवार असे ताटकळत ठेवले, याचा हिशेब मी कधी केला नाही. सप्टेंबरमध्ये त्या मुलीकडे राहायला गेल्या.

संध्याकाळी नाकारलेल्या फोटोंचे फोल्डर उघडले. जुलैमधल्या एका पावसाळी रविवारचा फोटो त्यात आहे. उजेड इतका कमी होता की एक्स्पोजर पूर्ण एका सेकंदाचे होते, आणि मी शटर दाबल्यावर आजी खाली उतरू लागल्या होत्या. हलला म्हणून तो मी त्याच मिनिटाला बाद केला आणि त्या गेल्यावर दुसरा घेतला. फोटोत त्यांचे पातळ म्हणजे नुसता करडा पट्टा आहे, चेहरा ओळखू येत नाही आणि मागची खिडकी त्यांच्या खांद्यातून आरपार दिसते. पण प्रत्येक पायरीवर त्या कठडा घट्ट धरून क्षणभर टेकत. त्यामुळे त्यांचा उजवा हात मात्र स्पष्ट उमटला आहे: फुगलेल्या शिरा, अंगठ्याचे नख, आणि हाताखाली कठड्याचा तो गुळगुळीत खळगा.

जुलैच्या त्या रविवारचा रिकामा प्रिंट ओळीतून उचलून ठेवला आहे. उद्या या फोटोचा प्रिंट काढायला देईन, बाकीच्या ४६ प्रिंटांच्याच मापाचा. दोन प्रती काढायला सांगेन. आजींच्या मुलीचा पत्ता तळमजल्यावर मिळेल.