बागेच्या जागेचा करार : माझा अनुभव

आमची सामायिक बाग ज्या जागेवर आहे ती आमची नाही. मालकांनी तोंडी हो म्हटलं होतं, तेवढ्यावर वर्षानुवर्षं चाललं. मग त्यांना कुणीतरी विचारलं, ‘तिथे कुणी पडलं आणि तुमच्यावर दावा ठोकला तर?’ लगेच निरोप आला, जागा रिकामी करा.

सगळे चिडले. मला मात्र त्यांची भीती रास्त वाटली. जागेतून त्यांना दमडी मिळत नव्हती आणि जोखीम सगळी त्यांच्या माथी. आधी तिचा बंदोबस्त करू, मग मुदतीचं बोलू, हे मी गटाच्या गळी उतरवलं.

नुसत्या गटाच्या नावाने ना करार होत होता, ना विमा निघत होता. म्हणून संस्था नोंदवली. मग तिच्या नावाने त्रयस्थांच्या इजेची आणि नुकसानीची भरपाई देणारा विमा काढला आणि पॉलिसीत मालकांचंही नाव घालून घेतलं. हे नाव घालणं फार मोलाचं आहे. दावा त्यांच्यावर आला तरी विमा कंपनी त्यांच्या बाजूने उभी राहते. सदस्यांकडून ‘स्वतःच्या जबाबदारीवर काम करतो’ अशा सह्याही घेतल्या, पण फाटकातून सहज आत आलेल्या माणसाला तो कागद बांधत नाही. त्यामुळे सह्यांवर भिस्त ठेवून विमा टाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका दुपारी मालकांना घेऊन बागेत फिरलो. वाटेत आडवा पडलेला पाण्याचा पाइप, वाफ्याच्या फळीतून वर आलेला खिळा, झाकण नसलेली टाकी. सगळं त्यांच्यादेखत वहीत टिपलं. खिळा तिथल्या तिथे ठोकला. पूर्वी तिथे जुनं बांधकाम होतं. जुन्या रंगातलं शिसं मातीत उरतं, म्हणून माती तपासून घेतली आणि अहवाल करारासोबत जोडला. त्या दिवसानंतर मालकांचा सूर बदलला.

खरी ओढाताण मुदतीवर झाली. त्यांच्या वकिलांना केव्हाही रद्द करता येईल असा वापराचा परवाना हवा होता, आम्हाला मुदतीचा भाडेपट्टा. मी त्यांना लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मचं उदाहरण दिलं. १४ एकरांवर शेकडो कुटुंबं पिकवत होती. शहराने ती जमीन २००३ मध्ये जुन्या मालकाला विकली आणि २००६ मध्ये पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं. उलट न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली लिलावाला निघालेल्या शंभराहून अधिक बागा ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या संस्थांनी विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या.

अखेर पाच वर्षांचा भाडेपट्टा झाला, उभं पीक निघेपर्यंत जागा सोडावी लागणार नाही या कलमासह. नोंदणीचा हट्ट मी सोडला नाही. जागा विकली गेली तर कपाटातला कागद नव्या मालकापुढे टिकेलच असं नाही.

विकायची झाल्यास आधी आम्हाला विचारायचं, हेही त्यांनी मान्य केलं. पैसे उभे करायला आम्ही सहा महिने मागितले होते, तीन मिळाले. तेवढ्यात जमिनीची रक्कम जमणं कठीण, म्हणून वर्गणीतला ठरावीक भाग आतापासूनच वेगळ्या खात्यात टाकतो. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय त्याला हात लावता येत नाही.