सोलापूरचा उन्हाळा आणि व्हॅनिलाच्या शेंगा: जूनपर्यंतची नोंद

फेब्रुवारीत दोन ठिकाणच्या शेंगा मागवल्या, एक पुडी कर्नाटकातल्या बागेतली आणि एक मादागास्करची. उन्हाळ्याच्या तोंडावर मागवल्या त्या मुद्दामच. साठवणीबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक दमट हवेत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळा भर बुरशीवर. आपल्या सोलापुरात मार्च ते मे बुरशीची काय बिशाद! इथे शेंग वाळून काडी होते, आणि निवडताना तेच आधी लक्षात घ्यावं लागतं.

पुडी उघडली की मी आधी वास घेते. मनुका, गूळ, किंचित चॉकलेट असा भरलेला वास हवा. आंबूस किंवा धुरकट आला तर क्युअरिंगमध्येच, म्हणजे तोडलेली हिरवी शेंग मुरवून-सुकवून तयार करण्यातच, काहीतरी बिघडलंय, पुढे बघायचीही गरज नाही. मग शेंग तर्जनीभोवती गुंडाळायची. चांगली शेंग तेल पाजलेल्या चामड्याच्या वादीसारखी वळते, चिरत नाही, आणि सोडली की सावकाश सुटते. चमकेवर भाळू नका. टिशू पेपरवर फिरवल्यावर भलामोठा तेलाचा डाग पडला तर वरून तेल चोळलंय. पाकिटात आतून पाण्याचे थेंब दिसले तर तुम्ही व्हॅनिलाच्या भावात पाणी घेताय.

पाणी तसंही घेतोच म्हणा. पहिल्या प्रतीच्या शेंगेत साधारण 25 ते 35 टक्के ओलावा असतो, अर्कासाठीच्या दुसऱ्या प्रतीत 15 ते 25. दुसरी प्रत दिसायला सुकटलेली, डागाळलेली, पण वजनामागे वासाचा ऐवज कमी नसतो. माझं स्पष्ट मत: आपल्या हवेत पहिल्या प्रतीच्या मोजक्याच घ्याव्यात, आइस्क्रीम-बासुंदीपुरत्या. बाकी खर्च दुसऱ्या प्रतीवर. जे वाळायचं ते आधीच वाळलेलं.

लांबीचंही फार कौतुक नको. टोकाला किंचित उकललेली शेंग व्यापारी खालच्या प्रतीत टाकतात, पण ती वेलीवर पुरती पिकल्याची खूण असते. मला तशा स्वस्तात मिळाल्या, आणि दोन्ही पुड्यांत वासाला त्याच सरस निघाल्या.

मादागास्करच्या एका शेंगेवर भिंगातून ठिपक्यांची ओळ दिसली. तिथले काही शेतकरी शेंग हिरवी असतानाच टाचणीने आपली खूण टोचतात, ती क्युअरिंगनंतरही राहते. कारण चोऱ्या. फूल एका सकाळपुरतं उमलतं, तेवढ्यात हाताने परागीभवन करायचं (ही युक्ती 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवली, आजही तीच चालते), आणि मग आठ-नऊ महिने शेंग राखत बसायचं. चोरीच्या धास्तीने कोवळी तोडली की वास अर्धवट. एकसारख्या बारीक, काटक्यांसारख्या शेंगांबद्दल म्हणूनच मला शंका येते.

आता साठवण. शेंगा बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या अरुंद काचेच्या बाटल्यांत ठेवल्या. एकच मोठी बरणी नको, दर वेळी उघडली की सगळ्याच शेंगांना कोरडी हवा लागते. बाटल्या मधल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी, कारण आमच्या पश्चिमेच्या भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असतात. फ्रिज नाही. गार बाटली बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. आणि कूलरच्या खोलीत बाटली उघडू नका! तिथली हवा ओलसर असते, म्हणजे भर मे महिन्यात आपणच बुरशीला बोलावणं धाडायचं.

मे महिन्यात एक शेंग मुद्दाम स्वयंपाकघरात ताटलीत उघडी ठेवली. आठवडाभरात ती वाकवताच कट्कन मोडली. वास मंदावला होता, गेला नव्हता. कोमट दुधात भिजत घातल्यावर मऊ झाली, चिरून आतल्या काळ्या बिया सुरीच्या बोथट बाजूने खरवडल्या आणि बासुंदीत घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेलची नाही, जायफळ नाही, मग ही बासुंदी कसली?" दोन पातेली करावी लागली. माझं पातेलंही संपलं, एवढंच नोंदवते. खरवडलेली साल धुऊन, सुकवून साखरेच्या डब्यात गेली.

त्याच सुमारास एका बाटलीत शेंगेवर पांढरं काहीतरी दिसलं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर बारीक सुया लकाकल्या. तो व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाला वास देणाऱ्या मुख्य द्रव्याचा, स्फटिक, चांगलं लक्षण. बुरशी असती तर मळकट, कापसाळ दिसली असती आणि कुबट वास आला असता. तशी शेंग सापडली तर सरळ फेकायची, शेजारच्या वेगळ्या काढून लक्ष ठेवायचं.

जूनच्या पहिल्या सरींपासून पथ्य उलटं झालंय. आता दर रविवारी दुपारी, ऊन असेल तर, बाटल्या उघडून बघते आणि लगेच बंद करते. दुसऱ्या प्रतीच्या शेंगा चिरून व्होडकात घातल्या आहेत, लिटरला साधारण 100 ग्रॅम या हिशेबाने. अल्कोहोल 35 टक्क्यांच्या खाली नको. ती बाटली दिवाळीपर्यंत कपाटातच राहील. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात बाटलीत आणखी काही ठेवता का ते कळवा. तांदळाची पुरचुंडी घालून बघायचा विचार आहे, पण ती शेंगेतलीही ओल ओढेल अशी धास्ती वाटते.