वारा बघून डार्ट

वन्यजीवांची डॉक्टर म्हटलं की नागपुरात लोक पहिल्यांदा बंदुकीबद्दल विचारतात. डार्ट, म्हणजे भुलीच्या औषधाची सुई, किती लांब जाते, औषध कुठलं, जनावर किती वेळात पडतं. वासाबद्दल कुणी विचारत नाही. हरणाजवळ पोचायचं असेल तर निम्मं काम वासाचंच असतं, आणि एप्रिलमधल्या त्या चितळाने ते मला पुरतं दाखवलं.

देवलापारच्या बाजूने निरोप आला होता. नर चितळ, गळ्यात मोटारसायकलची क्लच वायर रुतलेली, कळपाच्या मागे मागे राहतो, नाल्याकाठच्या बांबूत दिसतो. शिकारीवर 1972 च्या कायद्याने बंदी आहे, तरी फासे लागतातच. रानडुकरासाठी लावलेल्या फाशात चितळ सापडतं, जिवाच्या आकांताने ओढून तार तोडतं आणि तुटका तुकडा गळ्यात घेऊन फिरतं. दर हिसक्याला तार आणखी आवळत जाते. परवानगी हातात पडली तशी आम्ही निघालो.

आमची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. कपडे पावडर न लावता नुसत्या पाण्यातून काढून उघड्यावर वाळवायचे. शाम्पू नाही, केसांना तेल नाही, डासांचं मलम नाही. स्पिरिट आणि जखमेची औषधं घट्ट झाकणाच्या डब्यात. सगळ्यात जड जाते ती खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची अट. खर्रा घोटलेल्या हाताचा वास साध्या धुण्याने जात नाही, म्हणून पुडी गाडीत ठेवायची आणि हात मातीने चोळून धुवायचे. यात मी कुणालाच सूट देत नाही.

एवढं करूनही माणसाचा वास जात नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जीवाणू तो तयार करतात, आणि विदर्भातल्या उन्हात त्यांना वेळ लागत नाही. श्वासाचं तर काहीच करता येत नाही. म्हणून आम्ही हळू चालतो, वरचा शर्ट पिशवीत नेतो आणि जागेवर पोचल्यावर घालतो. त्याने वास कमी होतो, इतकंच. उरलेलं सगळं वाऱ्यावर.

चितळाला माणूस दिसला तर ते बऱ्याचदा थबकतं, टक लावून बघतं, पाय आपटतं. आपण हललो नाही तर पुन्हा चरायलाही लागतं. वास आला की मात्र उभं राहत नाही. आणि माझ्या कामात पळालेलं हरीण म्हणजे फक्त हुकलेली संधी नसते. भेदरलेल्या जनावरावर भुलीचं औषध नीट चढत नाही, डोस वाढवावा लागतो. शिवाय जिवाच्या भीतीने धावलेल्या हरणाचे स्नायू आतून तुटायला लागतात. डार्टनंतर ठणठणीत उठलेलं हरीण काही दिवसांनी त्यानेच मरतं. म्हणून त्याला आमचा पत्ता लागू न देणं हा माझ्या दृष्टीने उपचाराचाच भाग आहे.

पहाटे थंड हवा जड असते, उतारावरून नाल्याच्या तोंडाकडे सरकते. त्यामुळे आम्ही खालच्या अंगाने शिरलो. सोबतच्या वनरक्षक भाऊंकडे गोवरीच्या राखेची पुरचुंडी होती. पातळ फडक्यातली ती पुरचुंडी ते दर थोड्या पावलांनी बोटाने टिचकावत. राखेची धुरकट रेघ हवेत क्षणभर टांगल्यासारखी राहायची, मग आमच्या छातीकडे यायची. तोवर ठीक. आम्ही बांबूच्या जवळ पोचत होतो, तेवढ्यात समोरच्या टेकाडावर ऊन पडलं. पुढच्या टिचकीला राख सरळ खाली बसली. त्याच्या पुढच्या टिचकीला ती आमच्याकडून बांबूकडे निघाली.

"मॅडम, हवा फिरून राहिली," भाऊ कुजबुजले. "मागं चला."

बंदूक भरलेली होती, चितळाची शिंगं पानांआड हलताना दिसत होती, तरी आम्ही आल्या पावली मागे झालो. ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर चढते. आता यायचं तर वरून. त्यासाठी टेकाडाला मोठा वळसा पडला. पाण्याकडे जाणारी हरणांची पायवाट आम्ही मुद्दाम टाळली, कारण गवताला घासलेल्या बुटांचाही वास मागे राहतो. मोहाच्या एका झाडावर वानरं बसली होती. त्यांनी आम्हाला पाहिलं तर खाकरून सारं रान उठवतील, म्हणून त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईपर्यंत झुडपाआड बसून राहिलो. वरच्या कडेला पोचलो तेव्हा वारा तोंडावर लागत होता, एकसारखा.

त्याच वाऱ्याबरोबर कुजलेल्या मांसाचा वास आला. चितळ दिसायच्या आधी त्याची जखम आम्हाला कळली. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि घाईही झाली.

सुमारे तीस मीटरवरून डार्ट मांडीत बसला. चितळ दचकलं, चार उड्या मारून थांबलं. मागे कुणी धावलं नाही, कुणी बोललं नाही. झायलाझीन आणि केटामाईन या भुलीच्या औषधांनी काम केलं आणि आठ-दहा मिनिटांत ते बसलं. डोळ्यांवर फडकं, छातीवर बसतं केलेलं अंग, पोटातलं घशात येऊ नये म्हणून मान वर धरलेली. ताप चढत होता, तेव्हा अंगावर पाणी ओतत राहिलो. तार कातडीखाली पार गेली होती. कटरचं टोक आत घालायला बोटाने जागा करावी लागली. अळ्या काढल्या, जखम धुतली, औषधं टोचली आणि भुलीवरचा उतारा दिला. चितळ धडपडत उठलं, झुललं, आणि बांबूत चालत गेलं. पळालं नाही, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

दुपारी वनरक्षकांनी तीच पायवाट काठ्यांनी चाळली. बांबूच्या बुडाशी आणखी तारा सापडल्या, सगळ्या चितळाच्या मानेच्या उंचीवर. शिकाऱ्याला वारा सांभाळावा लागतो. तार लावणारा निघून जातो, त्याचा वास हळूहळू विरतो आणि तार तिथेच राहते. चितळाचं नाक तिथे काही कामाचं नाही. पुढे कॅमेरा ट्रॅपमध्ये ते कळपाबरोबर पाण्यावर आलेलं दिसलं, गळ्याभोवती केस नसलेला पट्टा, जखम सुकलेली. नाल्याच्या वरच्या टोकाची झडती तेवढी राहिली होती. ती पाऊस लागून गवत माजायच्या आत संपवायचं ठरलं.