सक्ता

मे महिन्यातलं स्टॉकहोमचं ऊन भलतं फसवं. खिडकीतून चैत्राचं दिसतं, बाहेर पडलं की पौषाचं लागतं. लेक कामावर गेलेली. मी कानटोपी चढवून भटकत भटकत सांक्त एरिक्सगातानवर आलो. त्या रस्त्यावर जुन्या रेकॉर्डची दुकानं आहेत, हे तिने मला सांगायलाच नको होतं.

खोकी चाळता चाळता बोटं थबकली. स्वीडनची जॅझ गायिका मोनिका सेटरलुंड आणि अमेरिकन पियानोवादक बिल एव्हान्स. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. फिलिप्स कंपनीचं, १९६४चं ओरिजिनल प्रेसिंग, म्हणजे तेव्हाच निघालेली तबकडी. ही गाणी फोनवर कितीदा ऐकली असतील, पण फोनवर ऐकणं म्हणजे देवळाचा फोटो बघून नमस्कार करणं.

दुकानदार म्हातारा, अबोल. तबकडी त्याने दोन तळव्यांच्या मध्ये कडेने धरली, कुठेही बोट लागू न देता लावली. सुई टेकली. खर्र. मग पियानो आणि त्याच्या जरा मागून ती. नीट ऐकू यावं म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं, तर पायाखालची फळी करकरली आणि मी होतो तिथेच एका पायावर उभा राहिलो. वय वर्षं अडुसष्ट. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

त्याला गिरगाव कुठून समजावणार?

मामाची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर. जमीन फळ्यांची. टेबलावर त्याचा रेकॉर्ड प्लेअर, तोही फिलिप्सचाच. टेबलाच्या पायांखाली जुन्या स्लिपरचे कापलेले तुकडे. तरीही स्वयंपाकघरातून कुणी जरा टाच आपटत आलं की सुई उडायची. म्हणून रविवारी दुपारी मामाची सक्त ताकीद असायची: हळू चाला. मामी चहाचा ट्रे घेऊन अशी यायची, जशी काही झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याशेजारून चाललीय. आम्ही भाचेमंडळी चवड्यांवर.

एकदा खाली पतंग कापला गेला आणि मी धावलो. भैरवीच्या रेकॉर्डवर ओरखडा उठला तो कायमचा. मामा रागावला नाही. पुढे ती रेकॉर्ड त्या जागी आली की सुई अडकायची, तेच ते चार शब्द पुन्हा पुन्हा. मामा तीन फेरे होऊ द्यायचा आणि चौथ्याला बरोबर समेवर टिचकी मारून सुई पुढे ढकलायचा. पाहुणे असले तर वर माझ्याकडे बघून म्हणायचा, "ही आमच्या भाच्याची तिहाई."

असो. मोनिकाबद्दल सांगत होतो.

ती हागफॉर्सची, म्हणजे लोखंडाच्या कारखान्याच्या गावची. वडिलांच्या बँडमध्ये गायची. रेडिओ आणि रेकॉर्ड ऐकून अमेरिकन गाणी पाठ केली तेव्हा म्हणे तिला इंग्रजी येतच नव्हतं. मला यात काही नवल वाटत नाही. आम्हीही रामरक्षा अशीच पाठ केली. 'कौसल्येयो दृशौ पातु' म्हणताना दृशौ कोण आणि तो कुठे पडतो, याची कुणाला पंचाईत होती? पण त्यामुळे असेल, या बाईच्या इंग्रजीत प्रत्येक शब्द आधी जिभेवर ठेवून बघितल्यासारखा येतो. जॅझमधली स्टँडर्ड म्हणजे आपल्या बंदिशीच, सगळे तीच गातात, पण कोण कुठे थांबतं त्यावर सगळं. एव्हान्सने आपल्या डेबी नावाच्या पुतणीसाठी केलेला तो वॉल्ट्झ तर ती स्वीडिशमध्ये गाते आणि एव्हान्स तिच्या मागे असा वाजवतो, जसा काही तोही फळ्यांवरून चालतोय.

पुतणीसाठी. काका काय, मामा काय, सगळीकडे सारखेच.

किमतीच्या चिठ्ठीवरच्या क्रोनरचे मनातल्या मनात रुपये केले आणि रेकॉर्ड परत खोक्यात ठेवली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर रेघही हलली नाही. त्याला सवय असणार.

संध्याकाळी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, इथे जवळच मोनिकाच्या नावाचा बगिचा आहे, चल. छोटीशी जागा, एक लांबलचक लाकडी बाक आणि त्या बाकातूनच तिची गाणी ऐकू येतात. वाटेत लेकीने फोनवर तिचं एक गाणं लावलं, एका जुन्या अमेरिकन गाण्याला स्वीडिश शब्द घालून केलेलं. 'सक्ता वी गो येनोम स्तान.'

"म्हणजे काय गं?"

"हळू हळू आपण गावातून चालत जातो."

"सक्ता म्हणजे?"

"हळू."

मी रस्त्यातच हसत सुटलो. तिला सक्त ताकीद समजावून सांगेपर्यंत गाणं संपलं होतं.

बाकावर बसल्यावर तिने बाकीचं सांगितलं. लहानपणच्या अपघातापासून मोनिकाच्या पाठीचा कणा वाकडा होत गेला, त्यापायी १९९९ साली गाणं सोडावं लागलं. पुढे चाकाच्या खुर्चीवर. २००५च्या मे महिन्यात, इथेच बीर्कागातानवरच्या तिच्या घराला आग लागली, त्यात ती गेली.

मामाही शेवटची दोन वर्षं चालत नव्हता. तोवर ते उपनगरातल्या ब्लॉकमध्ये राहायला गेले होते, खाली चांगल्या फरश्या होत्या, सुई उडायचा प्रश्नच नव्हता. मामी तरी चहा घेऊन तशीच यायची.

"बाबा, चल ना भरभर," लेक उठून म्हणाली, "बस जाईल."