गेट उघडं ठेवायला आम्हाला दोन राज्यं फिरावी लागली

सीमेलगतच्या, कर्नाटकातल्या आमच्या चर्चला वॉचमन मिळून आता महिना झाला, पण त्याच्या पोलीस पडताळणीच्या एका दाखल्यापायी घातलेले हेलपाटे अजून डोक्यातून जात नाहीत.

दानपेटी फुटली तेव्हा कमिटीनं घाबरून गेटला कुलूप घातलं. रविवारची उपासना सोडली तर सगळं बंद. भाजी विकून घरी जाताना आत येऊन बाकावर टेकणारी एक मावशी होती. आमच्या मंडळीतली नव्हे. एका दुपारी बुट्टी खाली ठेवून ती गेटच्या गजांना कपाळ टेकवून उभी दिसली आणि मला जेवण गेलं नाही. कमिटीत मी हट्ट धरला : कॅमेरे लावू, माणूस ठेवू, पण दिवसा गेट उघडंच पाहिजे.

कॅमेरे दोन दिवसांत लागले. माणूसही मिळाला, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला, सीमेवरच्या शिनोळीवरून रोज ये-जा करणारा. फक्त पोलीस पडताळणी राहिली होती, आणि तिथंच घोडं अडलं.

इथल्या कार्यालयात म्हणाले, पत्ता महाराष्ट्रातला, दाखला तिकडून आणा. तिकडं गेलो तर नोकरी कर्नाटकात, इकडून पत्र आणा. पत्र मागायला परत इकडं, तर "साहेबरु इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. हे ‘नाळे’ ७ वेळा ऐकलं. मराठीतला अर्ज परत आला. कन्नडमध्ये करून नेला, तर आधार आणि रेशनकार्डावरच्या आडनावात एका अक्षराचा फरक निघाला. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? वॉचमन मामा दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवून यायचे, कागदांची पिशवी मांडीवर धरून बसायचे. मी चिडलो की म्हणायचे, "असू दे की ओ."

शेवटी सुटलं ते असं : चर्चच्या लेटरहेडवर नोकरीचं पत्र दिलं आणि मामांनी स्वतःच महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरला. हद्दीपलीकडचा माणूस ठेवणार असाल तर सुरुवातच इथून करा. आणि आधी आडनावाचं स्पेलिंग सगळीकडं एक करून घ्या.

कॅमेऱ्यांचं सांगायचं राहिलं. कर्नाटकात २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानं, एका वेळी १०० माणसं जमतात अशा प्रार्थनास्थळांनाही कॅमेरे आणि ३० दिवसांचं रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. हार्ड डिस्क त्या हिशेबानं घ्या. आम्ही कॅमेरे गेट, दानपेटी आणि मागच्या दारावर लावले, बाकांवर नाही. माणूस तिथं रडायलाही येतो.

पाळकसाहेबांनी मामांना एवढंच सांगितलंय, नाव-जात विचारायची नाही, पाणी विचारायचं. काठी खोलीत असते, तांब्या गेटपाशी.

भाजीवाली मावशी मात्र अजून आलेली नाही. येत्या शनिवारी बाजारात जाऊन तिला शोधणार आहे, गेट उघडलंय म्हणून सांगायला.