बाळाशी ओळख होताना

मूल झालं की पान्हा फुटतो, माया दाटून येते, असं ऐकत आले होते. माझी मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी आली, तिला लगेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं आणि मला वाटली ती नुसती धास्ती. पेटीतलं बाळ आपलं आहे एवढं कळत होतं, त्यापलीकडे काही नाही. भेटायला येणारे विचारायचे, "तिला पाहून कसं वाटलं गं?" काय सांगणार, कप्पाळ!

त्यात जन्मानंतरचे पहिले तास वाया गेले की आई-बाळाचं नातं कच्चं राहतं, असं कुठेतरी वाचलेलं. हा समज पसरला तो मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या १९७२ सालच्या, जेमतेम २८ मातांच्या अभ्यासानंतर. पुढे त्या दोघांनीही आपली भूमिका बरीच सौम्य केली, पण धाक मात्र बायकांच्या मनात राहिला तो राहिलाच. मी रडत होते म्हणून सिस्टरांनी एडिंबरा तक्त्यातले दहा प्रश्न विचारले. बाळंतपणानंतरचं नैराश्य त्यातून लवकर लक्षात येतं. माझ्या बाबतीत तसं काही निघालं नाही.

मग कांगारू केअर सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी. उघड्या छातीवर तिला उभी धरायची, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून कापडानं बांधायचं आणि मागे रेलून बसायचं. एका वेळी निदान तासभर तरी, कारण सारखं उचलून ठेवण्याचाच बाळाला जास्त त्रास होतो. पहिल्यांदा मी तिच्याकडे बघितलंच नाही, माझा सगळा जीव मॉनिटरच्या आकड्यांत. शेवटी सिस्टरांनी स्क्रीन दुसरीकडे वळवली. "ताई, आकडे मी बघते. तुम्ही बाळ बघा."

ही पद्धत निघाली ती गरजेतून. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आयांच्याच अंगाची ऊब वापरायला सुरुवात केली. पण तो नाइलाजाचा उपाय राहिला नाही. भारतासह पाच देशांतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरल्यानं पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

माया एकदम आली नाहीच. आधी आल्या बारीकसारीक माहित्या. डाव्या बाजूला मान केली की ती लवकर शांत होते. रडण्याआधी कपाळाला आठी पडते. तिला छातीवर घेऊन झालं की पंपावर दूध जास्त येतं. अशा गोष्टी सिस्टरांच्या आधी मला कळायला लागल्या आणि एका पाळीला नव्या सिस्टर तिला उचलायला आल्या, तर मी चक्क म्हणाले, "थांबा, तिला असं आवडत नाही." नवराही पाळी लावून बसायचा. त्याच्या छातीवर ती माझ्यापेक्षा गाढ झोपायची, याचा मला थोडा रागही यायचा.

घरी आल्यावरही हे चालू ठेवलं. वजन अडीच किलोच्या आसपास पोचलं तशी ती कापडातून हातपाय बाहेर काढून कुरकुरायला लागली. आता तिला नको आहे, बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्यानं कापड धुऊन कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ते परत काढलं.