आमची वाटचाल : पाटे वाढवून मिळणार नाहीत

छोट्या मालगाड्यांचे हौदे, म्हणजे मागची माल ठेवायची जागा, बांधणाऱ्या आमच्या वर्कशॉपच्या दारावर ही पाटी आजही आहे. पाटे म्हणजे मागचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या. तिच्यापायी धंदा बुडायला आला होता.

2005 साली टाटा एस ही छोटी मालगाडी आली आणि हौदा बांधणाऱ्यांचे दिवस पालटले. दोन सिलिंडर, 702 सीसी डिझेल, पाऊण टनाची क्षमता. मोठा टेम्पो वळत नाही त्या बोळात ती शिरते, हौदा जमिनीपासून कमी उंचीवर असल्याने एकटा माणूसही माल चढवतो. लोकांनी लाडाने छोटा हत्ती म्हटलं आणि हत्तीसारखंच लादायला सुरुवात केली.

शेजारी एकाने दुकान थाटलं. मागे जादा कमानपाटे, फाळक्यावर उंच जाळी, वर 'दीड टन आरामात ओढेल' ही हमी. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली, वेल्डरही गेला, पत्रेवाल्याची उधारी थकली, बेंडिंग मशीन विकायला काढलं. 'तुम्हाला ते काम जमत नाही' हे तोंडावर ऐकलं. अजून डाचतं.

जमत होतं. पण पाटे वाढले म्हणून अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक वाढत नाहीत. ज्या गाड्यांना एलएसपीव्ही, म्हणजे वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तो व्हॉल्व्ह मागची चॅसी (गाडीचा सांगाडा) किती खाली बसली यावरून वजन ओळखतो. पाटे कडक केले की चॅसी बसत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. त्यात ड्रायव्हरचे गुडघे पुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेले. धडक झाली तर मध्ये चुरगळायला फारसं काही नसतं. जपानमधल्या सर्वात छोट्या वर्गातल्या केई ट्रकला 660 सीसी इंजिन, पण मालाची मर्यादा 350 किलोच, ती उगीच नाही.

त्या दिवसांत एक फर्निचरवाले अण्णा तेवढे टिकले. त्यांची कपाटं उभी जायची, म्हणून हौद्याच्या तळाला चॅनेलवर कड्या मारून दिल्या, माल आवळून बांधायचे रॅचेटचे पट्टे लावले. अण्णांनी प्रत्येक कडी स्वतः ओढून पाहिली आणि दुसऱ्या गाडीचा हौदा आगाऊ पैसे देऊन सांगितला. त्यावर मशीन वाचलं. पुढे काम वाढत गेलं.

नवी गाडी घेणाऱ्यांना सांगतो: जड माल केबिनला भिडवून, तळाशी ठेवा. सगळं वजन मागच्या अ‍ॅक्सलपलीकडे गेलं की पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग हलकं होतं. ड्रायव्हरला ते बरं वाटतं. तिथेच गाडी थांबवून माल पुढे सरकवा. हौद्यात माणसं तर बसवूच नका.